वन्संची वीट

धुतलेली चादर पिळायला दोघी लागतात. एक टोक वहिनीच्या हातात, दुसरं वन्संच्या. एकीने उजवीकडे पिळायचं, दुसरीने डावीकडे. त्या दिवशी सकाळी मोरीच्या दारात चादरीला निम्मा पीळ बसला होता, पाणी नुकतं कुठे धारेने पडायला लागलं होतं, तेवढ्यात फाटकातून वायरलेसवाल्या काकांची हाक आली आणि वन्संनी आपलं टोक सोडून दिलं. पीळ गर्रकन उलटा फिरला आणि सगळं पाणी वहिनीच्या पायांवर.

"अहो वन्सं!"

"ओरडू नकोस वहिनी. आधी काकांचा चेहरा बघ."

काका म्हणजे दवाखान्याच्या मागच्या खोलीत वायरलेस संच सांभाळणारे गृहस्थ. एरवी हवा कशी आहे हे विचारलं तरी दोन वाक्यांत विनोद करणारा माणूस. आज फाटकाची कडी धरून नुसता उभा होता. वरच्या कुरणावरच्या मेंढपाळांच्या तळावरून निरोप आला होता. तिथल्या आजोबांना मधुमेह, दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची. परवा रात्री थंडी अशी पडली की तंबूतल्या बादलीबरोबर औषधाच्या बाटल्याही गोठल्या. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट. काल दिवसभर आजोबा सुईवाचून राहिले, कोणाला बोलले नाहीत, आणि आज पहाटेपासून त्यांना ओकाऱ्या लागल्या होत्या.

"लेक बोलत होती त्यांची," काका म्हणाले. "म्हणाली, बाबांचा श्वास मोठमोठ्याने चाललाय आणि तोंडाला कसलासा गोड वास येतोय."

वन्संनी हात खसाखसा पुसले. आता त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "तळ कुठे हलवलाय?"

"बारा अठ्ठेचाळीस, एकतीस तेहतीस."

मेंढपाळांचा पत्ता असाच असतो. गवत संपलं की तळ उठतो, त्यामुळे घर नंबर, गल्ली, चौक ही भाषा तिथे चालत नाही. प्रत्येक तळाला दवाखान्याने उपग्रहांवरून ठिकाणा सांगणारं एक हातातलं यंत्र दिलेलं होतं. ते अक्षांश-रेखांश दाखवतं. अंश सगळ्या कुरणाला एकच, म्हणून ते कोणी उच्चारतही नाही. फक्त पुढचे आकडे सांगायचे. वन्संनी जखमेला लावायची चिकटपट्टी फाडली, आपल्या यंत्राच्या पाठीवर चिकटवली आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलं: १२.४८, ३१.३३.

मग त्या वहिनीकडे वळल्या. "तू चल."

"मी? अहो, माझ्या चादरी!"

"कुरणावर एकटीने जायचं नाही असा नियम आहे. मदतनीस बाळंतपणाला गेलीय. ड्रायव्हर जीप सोडून हलत नाही. मग कोण उरलं?"

"घरात तुमचे दादा आहेत की."

"दादाला दम लागतो. गल्लीच्या टोकाला जातानासुद्धा दोनदा थांबतो."

आतून आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

वन्सं या खरं म्हणजे एकट्या वहिनीच्याच वन्सं. नवऱ्याची धाकटी बहीण. पण लग्न होऊन आल्या दिवसापासून वहिनी तिला मानाने वन्सं म्हणायची, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणायची की शेजारणी म्हणू लागल्या, मग दवाखान्यातले, मग कुरणावरचे पेशंट. दाढीवाले मेंढपाळसुद्धा "वन्सं आल्या, वन्सं आल्या" म्हणून तंबूतून बाहेर येतात, तेव्हा नवख्याला वाटतं यांच्या सगळ्यांच्या बायकांची ही नणंद आहे की काय. शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्या वॉर्डच्या नर्स होत्या. कुरणावरच्या नर्सची जागा कोणी घेईना. कोणी गुडघ्यांचं कारण सांगे, कोणी सासूचं. वन्संना विचारलं तर म्हणाल्या, मला सासू नाही आणि गुडघे अजून आहेत. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस त्या वर असतात.

वहिनीचे यजमान, म्हणजे वन्संचे दादा, घराच्या पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतात. बहिणीच्या त्या हातातल्या यंत्राला ते 'वीट' म्हणतात. जेवणाच्या टेबलावर रोजचा वाद. "फोनमध्ये रंगीत नकाशा आहे, झाड न् झाड दिसतं. आणि तुझ्या विटेत काय? एक बाण आणि एक आकडा. माझ्या लहानपणच्या कॅल्क्युलेटरला सुद्धा याहून चांगली काच होती." वन्सं शांतपणे घास गिळून म्हणायच्या, "मठ्ठ आहे, पण प्रामाणिक आहे. तुझा फोन हुशार आहे, पण थंडीत झोपतो." तरीसुद्धा निघताना त्या दोन्ही घेत. दादाही तोंडाने काही म्हणोत, बहिणीच्या फोनमध्ये सगळ्या कुरणाचा नकाशा त्यांनीच उतरवून दिला होता, आणि दर महिन्याला तो नवा करून देत.

त्या दिवशीही त्यांनी फोन पूर्ण चार्ज करून आणून दिला. वाद घातला नाही. नुसतं म्हणाले, "वर धुकं आहे म्हणे."

"असू दे," वन्सं म्हणाल्या.

रस्ता जिथे संपतो तिथे ड्रायव्हरने जीप उभी केली. पुढे गवत आणि धुकं. वहिनीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, मग वाटलं मनातलं पुरणार नाही, म्हणून थोडं मोठ्याने घेतलं.

वन्संची तयारी बघण्यासारखी होती. स्वेटरच्या आत, पोटाशी बांधलेल्या पिशवीत इन्सुलिन. दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच मायेने गुंडाळलेला फोन. "ही दोन नाजूक बाळं," त्या म्हणाल्या. "थंडी लागली की एक फुकट जातं आणि दुसरं मरतं." वीट मात्र खांद्यावरच्या औषधांच्या पिशवीच्या पट्ट्याला बाहेर लोंबकळत होती, दवात भिजत, दगडावर आपटत. तिला चालवायला हातमोजाही काढावा लागत नव्हता. जाड बटणं अंगठ्याने दाबली की झालं. तिचं खाणं म्हणजे दोन पेन्सिल सेल, कुठल्याही दुकानात मिळणारे.

"पण इथे रेंज कुठे आहे?" वहिनीने विचारलं. "फोन आणून उपयोग काय?"

"बोलायला रेंज लागते. आपण कुठे आहोत ते कळायला नाही लागत. ते उपग्रहांकडून येतं, फोनलाही आणि विटेलाही. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवलेला असला म्हणजे झालं."

"आणि धुक्यातून दिसतं त्यांना?"

"दिसत नाही, ऐकू येतं. तुझा देव आणि माझे उपग्रह, दोघंही वरच असतात वहिनी. डोक्यावर छप्पर नसलं की बरं ऐकू येतं."

"देवाला छपराचं काही नाही हो," वहिनी म्हणाली. थट्टा म्हणून सोडून द्यायची हा तिचा स्वभाव, पण देवाच्या बाबतीत ती हिशेब चुकता करते.

वन्सं हसल्या आणि चालू लागल्या. त्यांची चाल वहिनीने पहिल्यांदाच नीट पाहिली. घरात ही बाई स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जाताना चार ठिकाणी आपटते. कपाटाचं दार, टेबलाचा कोपरा, काही सुटत नाही. इथे गवताच्या गुठळ्यांवरून अशी जात होती, जणू कोणी तिच्यासाठी पायऱ्या केल्या आहेत. आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून मागे वळून बघायची.

"काही विसरलं का?"

"नाही गं. येताना वाट उलट्या बाजूने दिसते. तिचा पाठीकडचा चेहराही ओळखीचा करून ठेवायला हवा."

विटेत साठवलेल्या जागांची नावं त्यांनी वाचून दाखवली तेव्हा तर वहिनीला हसू आवरेना. त्या यंत्रात लांब नाव मावत नाही, म्हणून वन्संनी प्रत्येक तळाला तिथल्या दुखण्याचं नाव दिलं होतं. गुडघा. दमा. जुळी. आजोबांचा जुना तळ होता 'साखर'. एक नाव नुसतंच 'बडबड'.

"हा कसला आजार?"

"त्या घरातली सून. तिथे गेलं की दोन तास मोडतात."

चढ संपला, सपाटी आली. बाणाखालचा आकडा उतरत गेला. वहिनीला त्या आकड्याचा लळाच लागला. ती दर थोड्या वेळाने डोकवायची. तीनशे मीटर. दीडशे. साठ. वन्संनी हाक दिली. कुत्रं भुंकलं नाही. वीस. पाच. वीट टुंग् करून वाजली: पोचलात.

तिथे काही नव्हतं. दलदलीच्या कडेला एक सपाट दगड, त्यावर शेवाळ. तंबू नाही, धूर नाही, मेंढीची लेंडीसुद्धा नाही.

वन्संनी दोन्ही हात तोंडाशी धरून पुन्हा हाक मारली. धुक्याने ती गिळून टाकली. मग त्यांनी स्वेटरमधून फोन काढला, हातमोजा दातांनी ओढला, तेच आकडे फोनमध्ये घातले. निळा ठिपका आणि लाल खूण एकमेकांवर चढून बसली. फोनही म्हणाला, हीच जागा.

"दोघंही एकच सांगतायत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तळ उठवला असेल का? पण आजारी माणूस घेऊन कसा उठवतील? वहिनी, त्या वासाचा अर्थ कळतो का तुला? रक्तात आम्ल चढलंय. अशा माणसाला दुपारपर्यंत औषध मिळालं नाही तर..."

वन्संना घाबरलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. वन्सं घाबरू शकतात हेच तिला ठाऊक नव्हतं. धुक्यात दाही दिशा सारख्या. कुठल्या दिशेने शोधायचं? एका बाजूला गेलं आणि तळ दुसऱ्या बाजूला असला तर? ती दगडावर बसली आणि तिने डोळे मिटले. देवा, त्या लेकीच्या बापाला सांभाळ, आणि आमच्या वन्संना काही सुचू दे.

डोळे उघडले तेव्हा समोर पट्ट्याला लटकलेली वीट होती, पाठ तिच्याकडे. चिकटपट्टीवरचे आकडे तिने आता पहिल्यांदाच जवळून वाचले. आणि तिला वाटलं ते ती बोलली, एवढंच.

"वन्सं, ही वेळ लिहिलीय का तुम्ही? पाऊण वाजून गेल्यावर पोचायचं होतं का आपल्याला? म्हणून नसतील आले कोणी. आपण लवकर आलो. आत्ता कुठे दहा वाजतायत."

"वेळ? कसली वेळ? ते बारा पूर्णांक..." वन्सं वैतागून बोलायला लागल्या आणि थांबल्या. "काय म्हणालीस? पाऊण?"

"बारा अठ्ठेचाळीस म्हणजे पाऊण वाजून तीन मिनिटं की हो. माझं काय चुकलं?"

वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मटकन शेजारी बसल्या. "आजोबा कधी आकडे सांगत नाहीत," त्या हळूहळू म्हणाल्या, जणू स्वतःलाच. "सव्वा सांगतात, साडे सांगतात, पावणे सांगतात. पावणेतेरा, साडेएकतीस. याच्या मधलं जगात काही आहे हेच त्यांना मान्य नाही. उरलेलं त्यांची कुत्री भुंकून सांगतात. आज त्यांच्याऐवजी लेक बोलली. शिकलेली पोर, यंत्रावर दिसलं तसं वाचलं. त्यांच्या यंत्रावर मिनिटं आणि सेकंद दिसतात, वहिनी! बारा मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. घड्याळासारखं, साठांच्या हिशेबाने! आणि मी माझ्या विटेच्या सवयीने मिनिटांनंतर टिंब देऊन बसले."

"मग टिंबाने एवढं काय होतं?"

"घड्याळात पाऊण म्हणजे किती?"

"पंचेचाळीस."

"आणि टिंबानंतर पाऊण म्हणजे?"

वहिनी शाळेत दशांशाला घाबरायची. पण कापडवाला पाऊण मीटर मोजतो तेव्हा पट्टीवर बोट कुठे ठेवतो ते तिला पक्कं माहीत होतं. "पंचाहत्तर," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्याही डोक्यात उजेड पडला. "अगंबाई!"

"अगंबाईच. आजोबांचं 'पावणेतेरा' कुठल्याही यंत्रात घाला, चुकत नाही. आकडे मात्र चुकतात. दोन्ही यंत्रांना मीच चुकीचं सांगितलं, आणि दोघांनी इमानेइतबारे मला चुकीच्या जागी आणून सोडलं."

बोलता बोलता त्यांचा अंगठा चालूच होता. विटेच्या पोटात शिरून त्यांनी मिनिट-सेकंदांची पद्धत लावली आणि तेच आकडे पुन्हा भरले. बाण क्षणभर गोंधळल्यासारखा फिरला आणि उजव्या हाताला, तिरका, वरच्या अंगाला जाऊन थांबला. साडेसहाशे मीटरच्या आसपास.

वहिनी उठून बाणाच्या दिशेने निघालीसुद्धा. वन्संनी तिचा दंड धरला.

"थांब. वीट सरळ रेघेत बोलते. मध्ये खड्डा आहे की भिंत, तिच्या गावी नसतं. आता तुझ्या नवऱ्याची पाळी."

फोन पुन्हा स्वेटरमधून निघाला. बॅटरी अर्ध्यावर आली होती, पण उबेत राहिल्याने जिवंत होती. रंगीत नकाशावर त्या दोघींच्या आणि तळाच्या मध्ये एक काळपट नागमोडी पट्टा होता: खोल घळ. बाणाच्या मागे गेल्या असत्या तर तिच्या काठावर, किंवा धुक्यात काठ न दिसता, तिच्या पोटात. थोडं वरच्या बाजूला पट्टा निमुळता होऊन संपत होता. वन्संनी तिथे बोट टेकवलं. "इथून वळसा घालू. घरी गेल्यावर दादाला सांगू नकोस हां, फोनने वाचवलं म्हणून. महिनाभर जेवू देणार नाही."

"सांगणार," वहिनी म्हणाली. "आणि विटेचंही सांगणार."

"आणि पाऊण कोणी म्हटलं ते?"

"ते देवाने म्हणवलं."

वळसा घालून त्या घळीच्या पलीकडे आल्या आणि धुक्यातून आधी एक कुत्रं भुंकलं, मग तीन. वहिनीचा जीव भांड्यात पडला. कुत्र्यांचा आवाज इतका गोड लागेल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

तंबूत आजोबा कुशीवर पडले होते. श्वास खोल आणि घाईचा. लेक उशाशी बसली होती, तिच्या हातात ते यंत्र घट्ट धरलेलं. वन्सं आत शिरल्या आणि पुन्हा घरातल्यासारख्या तंबूच्या खांबाला खांदा आपटला. पण हात मात्र चुकले नाहीत. बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला, आकडा बघितला, पोटाशी ऊब घेतलेली बाटली काढली, सुई भरली, दिली. मग सलाइन. लेकीला, तिच्या भावांना, वहिनीलाही एकेक काम लावून दिलं: तू बाटली उंच धर, तुम्ही घोंगडीला दोन काठ्या बांधा, तू त्यांचे पाय चोळ. आरडाओरडा नाही. काल सुई चुकली ते का सांगितलं नाहीत, हा प्रश्नही नाही.

आजोबांनी डोळे किलकिले केले. "वन्सं?"

"मीच. साखर बघायला आले."

"उशीर केलात."

"तुमच्या लेकीने पत्ता फार बरोबर सांगितला, म्हणून उशीर झाला."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काही चुकलं नाही बाळ. तू दिसलं ते वाचलंस. मी न विचारता टिंब दिलं. यापुढे नुसते आकडे सांगू नकोस. मिनिटं म्हण, सेकंद म्हण. नाहीतर बाबांसारखं सव्वा-साडे म्हण, बाकी कुत्री बघतील."

काठ्यांच्या झोळीत आजोबांना घालून दोघा भावांनी उचललं. खाली उतरताना पुढे वन्सं होत्या. धुकं अजून तसंच होतं, पण त्यांनी यंत्राकडे फारसं पाहिलं नाही. वाटेचा पाठीकडचा चेहरा त्यांनी वर येतानाच, घळीच्या वळशासकट, पाहून ठेवला होता. दलदल जवळ आली की हात वर करून सगळ्यांना थांबवत, एक पाऊल स्वतः टाकून बघत, मग झोळी पुढे. वहिनी मागून सलाइनची बाटली उंच धरून चालत होती. हात भरून आला, तरी तिने तो खाली केला नाही. पुढे चाललेल्या त्या पाठीकडे बघताना तिला वाटलं, देव माणसाला बुद्धी देतो ते सगळेच म्हणतात. पण चुकल्यावर 'मी चुकले' असं चारचौघांत म्हणून लगेच पुढच्या कामाला लागायची बुद्धी तो फारच थोड्यांना देतो.

जीप दुपारी इस्पितळात पोचली. संध्याकाळी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की आजोबा धोक्याबाहेर आहेत, आणि म्हाताऱ्याने पहिली गोष्ट काय मागितली असेल तर आपली टोपी. लेक तेव्हा कुठे रडली.

घरी येईपर्यंत काका दुकानात येऊन बसले होते आणि दादांना त्यांच्याकडून अर्धी हकिगत कळली होती. "शेवटी फोननेच तारलं म्हणे?" त्यांनी दारातच विचारलं.

"तुझा फोन आणि माझी वीट, दोघंही सारखेच निघाले," वन्सं बूट काढता काढता म्हणाल्या. "सांगावं ते ऐकतात. विचारत नाहीत."

"मग विचारलं कोणी?"

वन्संनी वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी लाजली आणि पाणी तापत ठेवायला आत गेली. आतून तिला ऐकू येत होतं, वन्सं काकांशी बोलत होत्या: कुठल्या तळावरचं यंत्र कसं लावलंय ते कोणालाच नक्की माहीत नाही, गुडघ्याचं, दम्याचं, जुळ्यांचं, सगळी एकदा हातात घेऊन बघायला हवीत, आणि सगळ्यांवर एकच पद्धत लावायला हवी. काका म्हणाले, वायरलेसवर सांगू. वन्सं म्हणाल्या, आजच्यासारखं? नको, मीच जाते.

सकाळी त्या लवकर उठल्या. विटेत नवे सेल घातले, फोन दादांच्या हातून घेतला. त्यांना आधी जुळ्यांच्या तळावर जायचं होतं, तिथलं यंत्र मिनिट-सेकंदांवर लावून द्यायला.